द लाँगेस्ट यार्ड (१९७४ मधील चित्रपट)

द लाँगेस्ट यार्ड हा इ.स. १९७४ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्लिश भाषेतील अमेरिकन चित्रपट आहे. तुरुंगातील कैद्यांचा एक विस्कळीत संघ आणि त्याच तुरुंगातील पहारेकऱ्यांचा कसलेला संघ यांच्यात होणारा अमेरिकन फुटबॉलचा सामना हा त्याचा विषय आहे. रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी चित्रपटाचे दिग्दर्शन केले असून निर्माते आल्बर्ट एस. रडी हे आहेत. मूळ कथा रडी यांची आणि पटकथा ट्रेसी कीनन विन यांची आहे. बर्ट रेनॉल्ड्स, एडी आल्बर्ट, एड लॉटर, मायकेल कॉनरॅड व जेम्स हॅम्प्टन यांच्या प्रमुख भूमिका आहेत. ब्रिटनमध्ये हा चित्रपट 'द मीन मशीन' या नावाने दाखविला गेला. विनोदी चित्रपट म्हणून त्याची गणना होते व त्याच विभागातील गोल्डन ग्लोब पुरस्कारही त्याला मिळाला. तथापि त्याच्या विनोदाखाली बरीच कटुता दडलेली आहे. दुर्बळांच्या संघाने बलवानांच्या संघाला मैदानात गाठण्याच्या कथा पुढे अनेक देशांत पडद्यावर आल्या. त्यांपैकी तुरुंगात घडणाऱ्या कथांचा नमुना मुख्यतः या चित्रपटाने घालून दिला.

शीर्षकाचा अर्थ

यार्ड हे लांबी मोजण्याचे एकक असून एक यार्ड म्हणजे तीन फूट. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची प्रगती यार्डांत मोजली जाते. गोलरेषेपाशी पोहोचल्यावर उरलेले शेवटचे यार्ड बचाव करणाऱ्या संघाच्या सर्व खेळाडूंच्या अंगावरून पार करावे लागते, म्हणून अंतराने सर्वांत लहान असलेले ते यार्ड प्रत्यक्षात सर्वांत लांब ठरते. इंग्रजीत तुरुंगाच्या भिंतींच्या आतील मोकळ्या आवारालाही यार्डच म्हणतात. त्यामुळे शीर्षकात आपोआप एक श्लेष साधला गेला आहे, जो मराठीत उतरविणे कठीण आहे.

खेळाविषयी थोडेसे

मराठी वाचकाला फुटबॉल म्हणजे पायाने खेळावयाचा खेळ ठाऊक असतो. या चित्रपटातील खेळ तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात धरून पळतात वा फेकतात. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात व दोन गोलरेषांमधील अंतर शंभर यार्ड असते. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली की 'टचडाउन' होऊन सहा गुण मिळतात, त्यानंतरच्या यशस्वी लाथेचा एक जादा गुण असतो, आणि मैदानातून थेट खांबांमध्ये चेंडू मारल्यास तीन गुण मिळतात. प्रत्येक डावाचा सूत्रधार 'क्वार्टरबॅक' असतो. तोच चाल ठरवितो व तोच चेंडू फेकतो. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडकून पाडणे हा खेळाचा नियमसंमत भाग आहे. ही शेवटची गोष्ट कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण पहारेकऱ्याला हात लावला तर कैद्याची शिक्षा वाढते. मैदानावर मात्र त्याच पहारेकऱ्याला आडवे केले तर गुण मिळण्याची शक्यता वाढते.

आणखी एक संज्ञा येथे समजून घ्यावी लागते. अमेरिकेत या खेळावर जो जुगार चालतो त्यात केवळ कोण जिंकेल यावर नव्हे, तर किती गुणांच्या फरकाने जिंकेल यावरही पैसे लावले जातात. त्यामुळे सामना न हरताही बेइमानी करता येते. मुद्दाम थोडे वाईट खेळून विजयाचे अंतर ठरलेल्या आकड्याखाली ठेवले की काम झाले. याला 'गुण छाटणे' असे म्हणतात. इ.स. २००० मधील क्रिकेटच्या सामनानिश्चिती प्रकरणानंतर भारतीय वाचकाला असल्या व्यवहाराची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. चित्रपटाचा नायक या गुन्ह्याने कलंकित झालेला खेळाडू आहे.

कथानक

पॉल क्रू (बर्ट रेनॉल्ड्स) हा एकेकाळचा नामवंत व्यावसायिक क्वार्टरबॅक. गुण छाटल्याच्या आरोपावरून त्याला खेळातून हाकलून दिलेले आहे. फ्लोरिडातील पाम बीच येथे एका श्रीमंत स्त्रीच्या आश्रयाने तो दिवस कंठीत असतो. एके दिवशी तिच्याशी भांडून, तिला मारहाण करून तो तिची महागडी सिट्रॉएन मोटार घेऊन निघतो, पाठलाग करणाऱ्या पोलिसांना चुकवितो आणि मोटार सरळ पाण्यात ढकलून देतो. या प्रसंगात प्रेक्षकाने नायकाविषयी आदर बाळगावा असे काहीही नाही, आणि दिग्दर्शकाने तसा प्रयत्नही केलेला नाही.

शिक्षा भोगण्यासाठी क्रूला सिट्रस राज्य कारागृहात आणले जाते. हे कारागृह काल्पनिक आहे. तेथील अधीक्षक रुडॉल्फ हेझन (एडी आल्बर्ट) याला फुटबॉलचे वेड असून त्याने पहारेकऱ्यांचा निम-व्यावसायिक संघ उभा केला आहे. त्या संघाला अजिंक्यपद मिळवून देण्यासाठी क्रूने मार्गदर्शन करावे अशी त्याची इच्छा असते. उलट पहारेकऱ्यांचा प्रमुख व संघाचा कर्णधार विल्हेल्म क्नॉअर (एड लॉटर) याला आपल्या कामात लुडबूड नको असते. अधीक्षकाची विनंती नाकारावी म्हणून तो क्रूला दंडुक्याने बडवितो. क्रू नकार देतो तेव्हा अधीक्षक संतापतो व त्याची रवानगी दलदलीत चिखल उपसण्याच्या कामावर होते. हो म्हटले तरी मार, नाही म्हटले तरी मार, अशी त्याची स्थिती होते.

सहकैदीही त्याला जवळ करीत नाहीत. चोरी, दरोडा, खून यांत अडकलेल्या त्या माणसांच्या दृष्टीने क्रूचा गुन्हा अधिक नीच आहे. त्यांनी जे केले ते गरजेने वा संतापाने केले. क्रूपाशी सर्व काही असताना त्याने आपलाच संघ विकला. चित्रपटातील नैतिक उतरंड ही अशी उलटी आहे आणि कथानकाचा पुढचा सारा भार तिच्यावर उभा आहे.

अंधारकोठडीतील वास्तव्यानंतर क्रू नमतो. पहारेकऱ्यांच्या संघाला हंगामापूर्वी सराव हवा म्हणून कैद्यांचा एक संघ उभारून त्यांच्याशी सामना खेळावा असे ठरते. हेझनच्या डोळ्यांसमोर दोन हेतू असतात. आपल्या संघाला सोपा विजय मिळावा हा एक आणि कैद्यांना आपली जागा सर्वांसमक्ष कळावी हा दुसरा. क्रूला लवकर सुटकेचे आमिष दाखविले जाते.

येथून चित्रपटाचा विनोदी भाग सुरू होतो. कोणतीही वस्तू कोठूनही पैदा करणारा 'केअरटेकर' (जेम्स हॅम्प्टन) हा कैदी क्रूचा उजवा हात बनतो. एकेकाळचा व्यावसायिक खेळाडू नेट स्कारबरो (मायकेल कॉनरॅड) प्रशिक्षक होतो. त्याचे गुडघे निकामी झालेले आहेत. जन्मठेपेचे कैदी, महाकाय पण मंद गतीचे पैलवान, ज्याच्या जवळ जाण्यास इतर कैदीही धजत नाहीत असा टक्कल केलेला शॉक्नर अशी भरती होत जाते. बहुतेकांना खेळाचे नियम ठाऊक नसतात. पहारेकऱ्यांना कायदेशीररीत्या ठोकता येईल एवढे एकच नियमसूत्र त्यांना उमगते व पुरेसे वाटते. पहारेकऱ्यांच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती मिळविण्यासाठी क्रूला अधीक्षकाच्या चिटणीस मिस टूट (बर्नाडेट पीटर्स) यांची मर्जी संपादन करावी लागते. संघाचे नाव 'मीन मशीन' ठेवले जाते.

तुरुंगातील कृष्णवर्णीय कैदी आरंभी या गोऱ्या माणसांच्या उद्योगापासून दूर राहतात. त्यांच्यापैकी फक्त 'ग्रॅनी' ग्रॅनव्हिल (हॅरी सीझर) संघात येतो. पहारेकरी त्याला मुद्दाम डिवचतात, अपमान करतात. तो संयम ढळू देत नाही. हे पाहणारे इतर कृष्णवर्णीय कैदी त्यानंतर संघात दाखल होतात, आणि मगच मीन मशीन हा खऱ्या अर्थाने संघ होतो. हा प्रसंग छोटा आहे, पण चित्रपटाच्या काळाचा विचार करता त्याचे मोल मोठे आहे.

अंगर (चार्ल्स टायनर) हा कैदी अधीक्षकाचा खबऱ्या असतो. क्रूच्या कोठडीत तो एक सापळा रचून ठेवतो. परंतु क्रूऐवजी केअरटेकर तेथे जातो आणि आगीत जळून मरतो. ज्याच्या मिश्किलपणावर प्रेक्षक तोवर हसत आला, त्यालाच चित्रपट अशा रीतीने नाहीसा करतो.

सामन्याच्या पहिल्या अर्धात कैदी अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगले खेळतात. मध्यंतराला पहारेकरी १५–१३ असे जेमतेम पुढे असतात. अस्वस्थ झालेला हेझन क्रूला बाजूला घेऊन बजावतो की, किमान २१ गुणांनी हरला नाहीस तर केअरटेकरच्या खुनातील साथीदार म्हणून तुला आयुष्यभर येथेच ठेवीन. कैद्यांना इजा होऊ देणार नाही, एवढे आश्वासन क्रू मागून घेतो. त्यानंतर तो जाणूनबुजून चुका करतो, पहारेकऱ्यांची आघाडी ३५–१३ पर्यंत जाते आणि दुखापतीचे निमित्त करून तो बाहेर बसतो. आघाडी मिळताच हेझन शब्द मोडतो व कैद्यांना शक्य तेवढे ठोकून काढा असा हुकूम क्नॉअरला देतो. एकामागून एक कैदी जायबंदी होऊन बाहेर येऊ लागतात.

बाकावर बसलेला क्रू म्हाताऱ्या 'पॉप' (जॉन स्टेडमन) कडे वळतो. हेझन तरुण पहारेकरी असताना पॉपने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला होता आणि त्या एका ठोशाची किंमत म्हणून त्याची तीस वर्षे तुरुंगात गेली. तो ठोसा तेवढ्या मोलाचा होता काय, असे क्रू विचारतो. पॉप होकार देतो. क्रू बूट बांधून मैदानात परत जातो.

सहकाऱ्यांचा विश्वास तोवर उडालेला असतो. तो चाली ठरवून नव्हे तर मार खाऊन परत मिळवावा लागतो. नेट स्कारबरो स्वतः मैदानात उतरून टचडाउन करतो आणि लगेच पहारेकरी बॉग्डान्स्की (रे निचकी) त्याचे गुडघे कायमचे निकामी करतो. अखेरच्या काही सेकंदांत गोलरेषेपाशी चेंडू असताना क्रू स्वतः चेंडू घेऊन खेळाडूंच्या भिंतीवरून झेपावतो आणि मीन मशीन ३६–३५ असा सामना जिंकते.

जल्लोष चालू असताना क्रू एकटाच मैदानाच्या दूरच्या टोकाकडे चालू लागतो. तो पळून जात आहे असे ओरडून हेझन क्नॉअरला गोळी घालण्याचा हुकूम देतो. क्नॉअर नेम धरतो, हाका मारतो, पण चाप ओढण्यास कचरतो. क्रू खाली वाकून सामन्याचा चेंडू उचलतो व परत फिरतो. क्नॉअर बंदूक अधीक्षकाच्या हाती देतो. क्रू चेंडू हेझनच्या हातात कोंबून तो आपल्या चषकांच्या कपाटात ठेवण्यास सांगतो व पॉपबरोबर बोगद्यातून आत निघून जातो. त्याची सुटका होत नाही. खुनाच्या खोट्या आरोपाचे पुढे काय होते हेही चित्रपट सांगत नाही.

कलाकार

बर्ट रेनॉल्ड्स यांनी महाविद्यालयीन वयात फ्लोरिडा राज्य विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळला होता. गुडघ्याच्या दुखापतीने तो मार्ग बंद झाला आणि ते अभिनयाकडे वळले. इ.स. १९७२ मधील 'डिलिव्हरन्स' ने त्यांना गंभीर नट म्हणून मान्यता दिली होती. हातून निसटलेल्या खेळाची खंत बाळगणारा क्रू त्यांनी फारसे न बोलता, चालण्यातून व तिरकस हसण्यातून उभा केला आहे.

एडी आल्बर्ट हे अमेरिकन प्रेक्षकांना 'ग्रीन एकर्स' या दूरचित्रवाणी मालिकेतील सालस गृहस्थ म्हणून परिचित होते. त्यांच्याच तोंडून हेझनच्या गोड शब्दांतील धमक्या येतात तेव्हा त्या अधिक बोचतात. एड लॉटर यांचा क्नॉअर ही चित्रपटातील सर्वांत गुंतागुंतीची भूमिका म्हणावी लागेल. तो क्रूर आहे, पण खेळाची कदर असणारा आहे, आणि शेवटी हुकूम व विवेक यांमधील अंतर त्यालाच उमगते. मायकेल कॉनरॅड पुढे 'हिल स्ट्रीट ब्लूज' या मालिकेतील पोलीस सार्जंट म्हणून गाजले. सॅमसन या दांडग्या कैद्याच्या भूमिकेतील रिचर्ड कील यांना पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटांतील पोलादी दातांचा 'जॉज' म्हणून जग ओळखू लागले.

दोन्ही संघांत खऱ्या खेळाडूंची भरणी केलेली आहे. रे निचकी हे ग्रीन बे पॅकर्स संघाचे ख्यातनाम बचावपटू होते. पहारेकऱ्याच्या भूमिकेतील जो कॅप यांनी मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचे क्वार्टरबॅक म्हणून इ.स. १९७० च्या जानेवारीतील सुपर बोल सामना खेळला होता. माइक हेन्री हे माजी खेळाडू तर होतेच, शिवाय १९६० च्या दशकात त्यांनी टारझनची भूमिका केली होती. कैद्यांच्या बाजूने पर्व्हिस ॲटकिन्स, अर्नी व्हीलराइट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचे चेरोकी वंशाचे क्वार्टरबॅक सनी सिक्सकिलर दिसतात. अशा माणसांमुळे धडकांना जे वजन आले आहे ते केवळ नटांना घेऊन आले नसते.

निर्मिती

निर्माते रडी यांनी त्यापूर्वी 'द गॉडफादर' (१९७२) ची निर्मिती केली होती. युद्धकैद्यांच्या छावणीत घडणाऱ्या 'होगन्स हीरोज' या विनोदी मालिकेच्या जनकांपैकीही ते एक होते. म्हणजे बंदिवानांनी पहारेकऱ्यांना चकविण्याचा विनोद त्यांना नवा नव्हता. पटकथाकार विन यांनी 'द ग्लास हाउस' (१९७२) हा तुरुंगजीवनावरील अत्यंत गंभीर दूरचित्रवाणीपट लिहिला होता. एकाकडून हसू आणि दुसऱ्याकडून तुरुंगाची माहिती आली, असे म्हणण्यास हरकत नाही. दिग्दर्शक ऑल्ड्रिच यांनी 'द डर्टी डझन' (१९६७) मध्ये शिक्षा झालेल्या सैनिकांची तुकडी घडवून दाखविली होती. हुकमत गाजविणाऱ्यांविषयीचा त्यांचा तिटकारा त्यांच्या अनेक चित्रपटांतून दिसतो. छायालेखन जोसेफ बायरॉक यांचे, संकलन मायकेल लुचियानो यांचे व संगीत फ्रँक डी व्होल यांचे आहे. हे तिघेही ऑल्ड्रिच यांचे जुने सहकारी.

चित्रीकरण प्रथम ओक्लाहोमा राज्यातील मॅकअलेस्टर येथील कारागृहात व्हावयाचे होते. इ.स. १९७३ च्या जुलैमध्ये तेथे मोठा दंगा उसळल्याने तो बेत सोडावा लागला. मग जॉर्जिया राज्यातील रीड्सव्हिल येथील कारागृह निवडण्यात आले. तेव्हाचे जॉर्जियाचे गव्हर्नर व पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांनी या कामी सहकार्य केले. कारागृह चालू स्थितीत होते. तेथील अशांततेमुळे चित्रीकरण मधूनमधून थांबवावे लागले. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका कारागृहाचा उठाव व त्यातील ४३ मृत्यू (सप्टेंबर १९७१) तेव्हा लोकांच्या स्मरणात ताजे होते. त्यामुळे तुरुंगावर विनोदी चित्रपट काढणे हे त्या वर्षांत जोखमीचेच होते.

सामन्याचे चित्रण

सामना पडद्यावर पाऊण तासाहून किंचित अधिक काळ चालतो, म्हणजे १२१ मिनिटांच्या चित्रपटाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. एवढा वेळ एकच सामना दाखवून प्रेक्षकाला खिळवून ठेवणे सोपे नाही. त्यातून खेळ न जाणणाऱ्या प्रेक्षकाला तर नाहीच. लुचियानो यांनी पडद्याचे दोन-तीन भाग करून एकाच क्षणी मैदान, बाक व प्रेक्षक दाखविले आहेत. कोण कोणत्या बाजूस आहे हे कधी हरवत नाही. शेवटची चाल मंद गतीने दाखविली असून तिच्यात सामन्याचे उरलेसुरले सेकंद ताणले जातात.

मैदानाबाहेरही बरेच काही चाललेले असते. स्त्रीवेष धारण केलेल्या कैद्यांचे पथक नाचून संघाला प्रोत्साहन देते. बॉग्डान्स्कीच्या जांघेत क्रू नेमका चेंडू फेकतो आणि एकदा जमले म्हणून पुन्हा फेकतो, या प्रसंगाला चित्रपटगृहात सर्वांत मोठा हशा मिळतो. हा विनोद अभिरुचिसंपन्न नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु ज्याच्या हाती दंडुका आहे त्याला नियमांच्या चौकटीत राहून लोळविण्याचा आनंद त्यात आहे, म्हणून तो केवळ आचरटपणा ठरत नाही.

आशय

कैद्यांना या सामन्यातून प्रत्यक्षात काय मिळावयाचे असते? शिक्षेत सूट नाही, पैसा नाही. उलट जिंकल्यास सूड उगविला जाण्याची खात्री असते. तरीही ते खेळतात, कारण आठवड्यांच्या सरावात प्रथमच कोणीतरी त्यांना क्रमांकाऐवजी खेळाडू म्हणून हाक मारलेली असते. क्रूचा प्रश्न वेगळा आहे. ज्या पापाने तो बुडाला तेच पाप अधीक्षक त्याच्याकडून पुन्हा करवून घेतो. पूर्वी गुण छाटले ते जुगाऱ्यांसाठी, आता छाटावयाचे ते शासनाच्या प्रतिनिधीसाठी. आकडासुद्धा ठरवून दिलेला, एकवीस. पूर्वी संघ विकून मोबदला मिळाला होता, या वेळी संघ न विकल्यास उरलेले आयुष्य जाणार आहे. पटकथेतील ही जुळणी इतकी नेमकी आहे की तिच्यामुळे एका ओबडधोबड विनोदी चित्रपटाला शोकांतिकेचा कणा लाभला आहे.

राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात हा चित्रपट झळकला. ध्वनिफितींचा वापर करणारा, नियमांची भाषा बोलून नियम मोडणारा आणि कोणत्याही किमतीवर जिंकू पाहणारा हेझन पाहून अनेक समीक्षकांना निक्सन यांची आठवण झाली.

चित्रपटाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्त्रियांचे चित्रण उथळ आहे. आरंभीच्या मारहाणीकडे तर चित्रपट जवळजवळ थट्टेने पाहतो, आणि आजच्या प्रेक्षकाला तो प्रसंग खटकल्यावाचून राहत नाही. कैद्यांनी बाहेर ज्यांचे नुकसान केले त्यांचा कोठेही उल्लेख नाही. स्त्रीवेषातील कैद्यांवरील काही विनोदही शिळे झाले आहेत.

प्रतिसाद व पुरस्कार

पॅरामाउंट पिक्चर्सने वितरित केलेल्या या चित्रपटाचा निर्मितिखर्च ३० लाख डॉलरच्या आत होता. अमेरिकेत त्याने सुमारे ४.३ कोटी डॉलरची कमाई केली. संगीतप्रधान वा विनोदी चित्रपटांच्या विभागात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. रेनॉल्ड्स, आल्बर्ट व हॅम्प्टन यांनाही त्या पुरस्कारांसाठी नामांकन होते. संकलनाच्या ऑस्करसाठी लुचियानो यांचे नामांकन झाले. तो पुरस्कार मात्र 'द टॉवरिंग इन्फर्नो' ला गेला. ऑल्ड्रिच आणि रेनॉल्ड्स यांनी लगेच पुढच्या वर्षी 'हसल' हा चित्रपट एकत्र केला.

पुनर्निर्मिती

इ.स. २००१ मध्ये बॅरी स्कोल्निक यांनी 'मीन मशीन' या नावाने ब्रिटिश आवृत्ती काढली. तीत अमेरिकन फुटबॉलच्या जागी आपल्या परिचयाचा, पायाने खेळण्याचा फुटबॉल आला. इंग्लंडचा बदनाम माजी कर्णधार डॅनी मीहन याची भूमिका व्हिनी जोन्स यांनी केली. जोन्स स्वतः विम्बल्डन संघातून खेळलेले धसमुसळे खेळाडू होते व इ.स. १९८८ ची एफ.ए. चषक स्पर्धा जिंकणाऱ्या संघात होते. गोलरक्षक म्हणून उभा केलेला 'मंक' हा खुनशी कैदी (जेसन स्टॅथम) या आवृत्तीतील विनोदाचा मुख्य आधार आहे. येथील अधीक्षक (डेव्हिड हेमिंग्ज) जुगाराच्या कर्जात बुडालेला दाखविला आहे. त्यामुळे सत्तेच्या मदाची मूळ कथा थोडी संकोचून लोभाची कथा झाली आहे. खेळातही फरक पडतो. साध्या फुटबॉलमध्ये धडक हा गुन्हा असल्याने पहारेकऱ्यांना नियमात राहून ठोकण्याची मूळची गंमत येथे पंचाच्या नजरेआड करावी लागते.

इ.स. २००५ मध्ये पीटर सीगल यांनी मूळ नावानेच अमेरिकन पुनर्निर्मिती केली. क्रूच्या भूमिकेत अ‍ॅडम सँडलर, केअरटेकरच्या भूमिकेत क्रिस रॉक व अधीक्षक म्हणून जेम्स क्रॉमवेल होते. बर्ट रेनॉल्ड्स यांनी तीत प्रशिक्षक नेट स्कारबरो रंगविला. एड लॉटरही एका छोट्या भूमिकेत दिसतात. चित्रीकरण न्यू मेक्सिको राज्याच्या वापरातून काढलेल्या जुन्या कारागृहात झाले. जगभरातील उत्पन्न सुमारे १९ कोटी डॉलर झाले. ही आवृत्ती अधिक हसविते, परंतु मूळ चित्रपटातील धास्ती तिच्यात उतरलेली नाही.

तत्सम चित्रपट

बंदिवान विरुद्ध त्यांचे राखणदार हा सामना याआधीही पडद्यावर आला होता. झोल्तान फाब्री यांच्या इ.स. १९६१ मधील हंगेरियन चित्रपटात हिटलरच्या वाढदिवसानिमित्त सक्तमजुरीवरील हंगेरियन कैद्यांना जर्मन सैनिकांशी फुटबॉल खेळावयास लावतात. तेथे सामन्याचा शेवट गोळ्यांनी होतो. त्या कथेमागे जर्मनव्याप्त कीव्ह शहरात ९ ऑगस्ट १९४२ रोजी झालेल्या सामन्याभोवती रचल्या गेलेल्या आख्यायिका आहेत. जॉन ह्यूस्टन यांच्या 'एस्केप टु व्हिक्टरी' (१९८१) मध्ये युद्धकैद्यांच्या संघातून पेले आणि बॉबी मूर खेळताना दिसतात.

मराठी प्रेक्षकाला या संदर्भात आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान' (२००१) आठवणे साहजिक आहे. खेळ न जाणणाऱ्यांची भरती, एकेका अवलियाचे आगमन, दूर ठेवलेल्या समाजगटाचा संघात प्रवेश, प्रतिपक्षातील स्त्रीची मदत, आतला फितूर आणि शेवटच्या क्षणी लागणारा निकाल ही सारी अंगे दोन्हीकडे आढळतात. फरक फितुरात आहे. 'लगान' मधील लाखाला पश्चात्ताप होतो व गाव त्याला पुन्हा सामावून घेते. सिट्रस कारागृहातील अंगरला मात्र कोणी परत घेत नाही. आणि दुसरा फरक असा की चंपानेरचा शेतसारा खरोखर माफ होतो, मीन मशीनचे खेळाडू त्याच रात्री आपापल्या कोठडीत परत जातात.